श्वास अडकला त्या जागा : प्रकल्प नोंदी

१५ जून

काल सकाळी परसातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला. पडताना उजवा हात आपोआप पुढे गेला आणि सगळा भार मनगटावर आला. एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाजवळ मोडलेलं दिसलं. डॉक्टरांनी जागा बधिर केली, हाड ओढून बसवलं आणि कोपराच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे हात गळ्यात.

लिहून ठेवावीशी गोष्ट हाड ओढतानाची आहे. नर्स म्हणाली, "ताई, श्वास घ्या की." तेव्हा लक्षात आलं, मी श्वास धरून बसले होते. कधीपासून, कोण जाणे. बहुधा रिक्षात बसल्यापासूनच. अठरा वर्षं मी रोज सकाळी बायकांना हेच वाक्य सांगत आले आहे.

(डाव्या हाताने लिहिता येत नाही. मोबाइलवर बोलून लिहिते आहे, सूनबाई रात्री चुका दुरुस्त करते.)

१८ जून

सप्टेंबरपासून आमच्या सकाळच्या वर्गात पतंजलींच्या योगसूत्रांचा नऊ आठवड्यांचा परिचय सुरू करायचं ठरलं होतं. वर्ग सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका सभागृहात भरतो. वेळ सव्वासहाची, बायका सतरा. कोणी शिक्षिका, कोणी शिवणकाम करणारी, एक जण मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते, दोघी-तिघी निवृत्त. आधी मी आसनं आणि सोबत सूत्रं असा आराखडा केला होता. आता आसन दाखवता येणार नाही. म्हणून आराखडा मोडून नव्याने करते.

सूत्रं १९६, काही प्रतींत १९५. त्यांतली आसनावर थेट बोलणारी फक्त तीन, साधनपाद या दुसऱ्या भागातली ४६ ते ४८. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं. हे मी वर्गात कित्येकदा सांगितलंय, पण वर्गाचा तासभर वेळ मात्र आसनांनाच दिलाय. हात गळ्यात आल्यावर त्या तफावतीकडे बघावं लागतं.

नवा आराखडा समाधिपाद या पहिल्या भागातल्या ३० आणि ३१ या दोन सूत्रांवर उभा राहील. तिसाव्यात पतंजलींनी नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितलेत : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. नऊ अंतराय, नऊ आठवडे. पण मला धरून ठेवलं ते पुढच्या सूत्राने. हे अंतराय येतात तेव्हा त्यांच्याबरोबर काय काय येतं, हे त्यात आहे : दुःख, मनाची खट्टू अवस्था, अंगाचा थरथराट, श्वास आणि प्रश्वास. म्हणजे मन कुठे अडखळलं हे मनात शोधायला जायची गरज नाही. ते अंगावर आणि श्वासात आलेलं असतं.

रीत अशी ठरवली. प्रत्येकीने एक वही करायची, तीन रकान्यांची. काय करत होते, श्वासाचं काय झालं, कोणता अंतराय. अटी दोन. पहिली, सतरंजीवरची एकही नोंद नको. घर, रस्ता, नोकरी, बाजार, दवाखाना इथल्याच नोंदी. दुसरी, पहिले दोन रकाने जागच्या जागी भरायचे, तिसरा रात्री. सूत्र आधी मनात धरलं की मन त्याला साजेसा प्रसंग घडवून आणतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

२२ जून

काल योगदिन. प्रात्यक्षिक आमच्या वर्गातल्या सगळ्यांत जुन्या ताईंनी घेतलं, मी कोपऱ्यात खुर्चीवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर्ग बाजूने बघितला. पुढे उभं राहिलं की चेहरे दिसतात, बाजूने पाठी आणि खांदे दिसतात.

आसनं चालू असताना सगळ्यांचा श्वास चांगला होता. शवासन झालं, ओंकार झाला, सतरंज्या गुंडाळल्या, पिशवीतून मोबाइल निघाले. तिथे सतरा जणींपैकी निदान दहा जणींचे खांदे वर गेले. एकीने तर मेसेज वाचून होईपर्यंत श्वास सोडला नाही. तासाभरात जे मिळवलं होतं ते दाराबाहेर पडायच्या आत गेलं.

वह्या आजच वाटल्या.

२६ जून

सूनबाई रोज सकाळी माझे केस विंचरते. पंचेचाळीस-पन्नास वर्षं स्वतःची वेणी स्वतः घातलेल्या बाईला दुसऱ्यापुढे पाठ करून बसणं जड जातं. माझी नोंद अशी :

काय करत होते : खाली बसून केस विंचरून घेत होते.
श्वास : फणी केसांत शिरली की थांबतो, निघाली की सुटतो. गुंता नसतानाही.
रात्रीचा रकाना : दोनदा खोडला. आधी 'व्याधी' लिहिलं. मग वाटलं, मनगटाचं दुखणं इथे नाहीच. दुसऱ्याच्या हातात आपली गोष्ट देताना ती नीट होईल की नाही, ही शंका आहे. संशय. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात संशयाची व्याख्या 'दोन्ही टोकांना शिवणारं ज्ञान' अशी आहे. होईल, नाही होणार. फणी आत, फणी बाहेर. बरोबर तेवढाच श्वास.

तिला हे सांगितलं नाही. तिच्या हाताला काही दोष नाही.

२ जुलै

आजची नोंद मोठी आहे, कारण आज मी दीड तास स्वयंपाकघरात नुसती बसून होते आणि इतकं शिकायला मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ८२ वर्षांच्या आहेत. माहेर तासगावकडचं. माझा हात मोडल्यापासून भाकरी त्यांनी पुन्हा हातात घेतली. ओट्याशी उभं राहून त्यांना जमत नाही. खाली पाट, पुढे काटवट, बाजूला शेगडी. पाटावर बसल्या की एक गुडघा उभा, एक आडवा. कंबर सरळ, खांदे खाली. अर्धा तास त्या ठेवणीत काही बदल झाला नाही. 'स्थिरसुखमासनम्' वर्गात समजावताना मी नेहमी पद्मासनाचं उदाहरण देते. आमच्या वर्गातल्या सतरांपैकी चौदा जणींना पद्मासन सुखाचं नाही.

पीठ जुनं होतं. आत्यांनी चिमूटभर बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "विरी गेली गं याची. आधण घालायला पायजे." ज्वारीच्या पिठाची विरी गेली की ते हाताखाली धरत नाही, कडा फाटतात. मग उकळतं पाणी घालून मळायचं, म्हणजे चिकटपणा येतो. त्या पिठावर चिडल्या नाहीत, पीठ कुठून आणलं हेही विचारलं नाही. आहे ते पीठ बोटांनी ओळखलं आणि त्याला लागेल ते दिलं.

मग उंडा. थापताना मी त्यांचा तळवा नीट बघितला. जोर जवळजवळ नाहीच. तळवा पडतो तो स्वतःच्या वजनाने, आणि उचलता उचलता बोटांच्या कडेने भाकरी थोडी फिरते. फिरवायला म्हणून वेगळी हालचाल नाही. मी थापते तेव्हा दाबते. दाबलं की भाकरी मध्ये पातळ होते, कड जाड राहते, आणि मग कड सारखी करताना ती फाटते. तीस वर्षं मी याचा दोष पिठाला दिला.

४७व्या सूत्रात 'प्रयत्नशैथिल्य' असा शब्द आहे. प्रयत्न सैल करणं. हा शब्द शिकवताना मला कायम अडचण येते, कारण बायका विचारतात की प्रयत्न सोडायचा का. सोडायचा नाही, सैल करायचा. पण दाखवू कसा? आयंगार गुरुजींच्या पद्धतीत खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून शरीराला आधार देतात, म्हणजे नको तिथली ओढ आपसूक सुटते. तो एक मार्ग आहे आणि मी तो वापरत आले. आत्यांचा तळवा हा दुसरा. भाकरी पूर्ण गोल झाली, सगळीकडे सारखी झाली, म्हणजे प्रयत्न पुरेपूर होता. आणि तळव्यात ओढ नव्हती.

श्वास? त्यांच्या नकळत मोजला. थापताना संथ. भाकरी हातावर घेऊन तव्यावर टाकताना उच्छ्वास, प्रत्येक वेळी. नऊ भाकऱ्या, नऊ उच्छ्वास. वरून पाणी फिरवताना पुन्हा संथ. भाकरी टम्म फुगली की त्या किंचित थांबून तिच्याकडे बघतात. नऊही भाकऱ्यांकडे बघितलं.

मी विचारलं, "आत्या, टाकताना श्वास सोडता, कुणी शिकवलं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "दम धरून टाकली तर दुमडंल की."

हे वाक्य पहिल्या पानावर घ्यायचं.

५ जुलै

पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी गोळा झाल्या. ४१ आहेत. सगळ्यांत जास्त 'आलस्य' आणि 'स्त्यान' या दोहोंत गोंधळ. भाष्याप्रमाणे स्त्यान म्हणजे चित्ताची कामच न करण्याची अवस्था. आलस्यात शरीर आणि चित्त दोन्ही जड होऊन पुढे सरकत नाहीत. अडतीवर हिशेब करणाऱ्या ताईंनी मला न विचारता फरक लिहून आणला : "दुपारी जेवल्यावर वही समोर असून डोळे मिटतात ते आलस्य. सकाळी ताजी असताना, डोळे उघडे असताना, आकडा समोर असून तो आकडाच वाटत नाही ते स्त्यान. आलस्यात श्वास लांब आणि जड येतो. स्त्यानात श्वास येतो की नाही तेच कळत नाही." मी अठरा वर्षांत इतका स्वच्छ फरक सांगितला नव्हता.

अर्ध्या नोंदी मात्र उपदेशाच्या आहेत. 'रांगेत उभं राहून संयम शिकले' अशा. श्वासाचा रकाना कोरा. या परत केल्या. रांगेत उभं राहून पाय दुखतात. संयम आला असेल तर कुठे आला, कितव्या मिनिटाला आला, ते लिहा.

११ जुलै

एका ताईंची नोंद, त्यांची परवानगी घेऊन :

"जावेच्या नव्या घराची वास्तुशांत. मी पुरणपोळ्यांना मदत करायला गेले. स्वयंपाकघर बघितलं. खिडकी पूर्वेची, ओटा लांब. 'छान झालंय गं' म्हटलं. म्हणताना श्वास आत घेतला तो छातीतच राहिला. पाणी पिऊन मग सोडला. संध्याकाळपर्यंत डोकं दुखत होतं."

ही नोंद वर्गात वाचली तेव्हा कोणी हसलं नाही. तीन-चार जणींनी माना हलवल्या.

समाधिपादातलं ३३वं सूत्र चार भावना सांगतं : सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्याविषयी मुदिता, अपुण्याविषयी उपेक्षा. आपण करुणेवर भरपूर बोलतो. ती तुलनेने सोपी आहे, कारण करुणा करणारा वर असतो. दुसऱ्याच्या चांगल्याकडे बघून चित्त खुलं ठेवणं अवघड, आणि ते माणूस जितकं जवळचं तितकं जास्त अवघड. पतंजली सुखी माणसापासून सुरुवात करतात यामागे मला हेच दिसतं.

ताईंनी विचारलं, आता करू काय? मी म्हटलं, मैत्रीची भावना ओढून आणू नका. पुढच्या वेळी 'छान झालंय' हे वाक्य श्वास सोडता सोडता म्हणा. सोडताना जेवढं खरं म्हणता येईल तेवढंच म्हणा. खिडकी आवडली असेल तर खिडकीचं म्हणा.

१६ जुलै

आज एक नोंद आली. ती मी इथे लिहीत नाही आणि वर्गातही वाचणार नाही. इतकंच लिहिते की त्या बाईंचा श्वास रोज रात्री एका ठरावीक वेळी अडकतो, दाराची कडी वाजली की. तिसऱ्या रकान्यात त्यांनी 'उपेक्षा करायला शिकते आहे' असं लिहिलं होतं.

दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही. ही वही मी दिली. प्रत्येक प्रसंगात योगाचा धडा शोधा, असं मी सांगितलं. आणि एक बाई मार खाण्यात धडा शोधत होती.

दुपारी त्यांच्याशी निवांत बोलले. ३३व्या सूत्रातली उपेक्षा ही चित्त गढूळ होऊ नये म्हणून आहे. सोसत राहा, असं त्यात कुठेही नाही. आठ अंगांतल्या यमांत पहिली अहिंसा आहे आणि ती आपल्या स्वतःच्या देहालाही लागू आहे. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक त्यांना लिहून दिला. २००५च्या कायद्याप्रमाणे कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत संरक्षण अधिकारी असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. बहिणीला सांगितलंय का विचारलं. नव्हतं सांगितलं. बहिणीला माझ्यासमोर फोन लावला.

वहीच्या पहिल्या पानावर आज तिसरी अट छापून घेतली : जिथे भीतीने श्वास थांबतो आणि ती भीती खऱ्या इजेची आहे, तिथे नोंद लिहू नका, माणसाला सांगा.

ही अट पहिल्या दिवशीच असायला हवी होती.

२५ जुलै

चार दिवस धो धो पाऊस. आमचं घर गावभागात. २०१९च्या महापुरात तळमजल्यावर कमरेच्या वर पाणी होतं. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ हे आकडे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पावसाळा आला की इथे माणसं एकमेकांना 'जेवलात का' विचारायच्या आधी 'पुलाला किती आहे' विचारतात.

काल रात्री नऊ ते बारा या वेळात मी मोबाइल अकरा वेळा उघडला. कोयनेचा विसर्ग किती, पातळी किती. सूनबाईने मोजलं, मी सांगितलं होतं म्हणून. अकराही वेळा एकच घडलं : श्वास आत, आकडा वाचेपर्यंत वर थांबलेला, आणि आकडा कळल्यावरही पूर्ण न सुटलेला. आकडा दोन इंचांनी वाढलेला असो की तेवढाच असो, श्वासाला फरक पडत नव्हता.

'हेयं दुःखमनागतम्', साधनपाद १६. अजून न आलेलं दुःख टाळता येण्याजोगं आहे. या सूत्राचा अर्थ 'उगाच काळजी करू नका' असा सांगितला जातो तो मला पटत नाही. सांगलीत राहणाऱ्या माणसाला तर मुळीच पटू नये. टाळता येण्याजोगं आहे म्हणजे टाळायला लागा. आज सकाळी उठून तेच केलं. आधार, रेशनकार्ड, घराची कागदपत्रं, आत्यांच्या बीपीच्या गोळ्या एका पिशवीत. ज्वारीचा डबा आणि गाद्या वरच्या मजल्यावर. एका हाताने मी डबे पुढे करत होते, सूनबाई आणि मुलगा चढवत होते. समोरच्या आजींचं सामानही वर घेतलं, त्या एकट्या असतात. दुपारी दोनपर्यंत अंग आंबलं.

आज मोबाइल तीनदा उघडला. पातळी कालच्यापेक्षा जास्त होती. श्वास वर थांबला नाही.

रात्री तिसऱ्या रकान्यात काय लिहावं सुचेना. कालच्या नोंदीला 'प्रमाद' लिहिलं. प्रमाद म्हणजे जे साधन करायला हवं ते न करणं, आणि काल मी तीन तास तेच केलं होतं. आकडे बघत बसणं मला काम वाटत होतं.

२९ जुलै

पाणी उतरलं. धोका पातळीपर्यंत गेलंच नाही. वरचं सामान अजून वरच.

प्लास्टर काढलं. हात बारीक झालाय, कातडी कोरडी, मनगट वळत नाही. बोटं मात्र चांगली आहेत, कारण रोज हलवत होते. या वयात पडून मनगट मोडलं की हाडांची घनता तपासा असं डॉक्टर म्हणाले. वर्गातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना हे सांगायचं, सूत्रांच्या आधी.

१४ ऑगस्ट

अडून बसलेलं काम सुटलं. आठवा अंतराय अलब्धभूमिकत्व, नववा अनवस्थितत्व. भूमिका न मिळणं, आणि मिळालेल्या भूमिकेत टिकता न येणं. रोजच्या जगण्यातून पहिल्याच्या खूप नोंदी आल्या होत्या, दुसऱ्याची एकही नाही. मलाही फरक पुस्तकापुरताच माहीत होता.

फिजिओथेरपीत मला दोन व्यायाम आहेत. एक, तळवा आकाशाकडे वळवायचा. दोन, छातीपुढे हात जोडून नमस्कार करायचा आणि कोपर हळूहळू वर न्यायचे. पहिल्या दिवशी नमस्कार झालाच नाही. तळव्यांमध्ये दोन बोटं मावतील एवढी फट राहिली. दहा दिवस तीच फट. श्वास ताणाच्या शेवटी बंद, आणि मनात एकच वाक्य, 'होतच नाही'. हे अलब्धभूमिकत्व.

अकराव्या दिवशी संध्याकाळी गरम पाण्यात हात शेकल्यावर तळवे टेकले. पूर्ण टेकले. डोळ्यांत पाणी आलं. ज्या मुद्रेने मी रोज वर्ग सुरू करते आणि संपवते ती दोन महिन्यांनी परत मिळाली. बाराव्या दिवशी सकाळी उठले तर फट पुन्हा तेवढीच. आणि त्या सकाळचं दुःख आधीच्या दहा दिवसांच्या दुःखाहून फार वेगळं होतं. आधी श्वास ताणापाशी अडकत होता. आता व्यायामाला बसायच्या आधीच, हात जोडायच्या विचारानेच अडकला. ज्याने चव घेतली नाही त्याला ही अडकण कळणार नाही. हे अनवस्थितत्व.

फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "मावशी, सकाळी कडक असतं, संध्याकाळी सुटतं, असं महिनाभर चालेल. सकाळचं माप लिहू नका, आठवड्याचं लिहा." समाधिपादातल्या १४व्या सूत्रात अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्यात : दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. तिने पहिली माझ्यापुढे कोनमापकासह ठेवली.

२३ ऑगस्ट

नऊपैकी आठ पानं तयार. भ्रांतिदर्शनाचं कोरं होतं. जे नाही ते आहे असं दिसणं. याची नोंद लिहिणं मुळातच अवघड, कारण भ्रांती चालू असताना ती भ्रांती वाटत नाही.

आज ते पान भरलं आणि त्यासाठी सगळी रीत बदलावी लागली.

केस विंचरून घेणं अजून चालू आहे, वेणी घालण्याइतका हात वर जात नाही. गेले तीन आठवडे माझ्या वहीत त्यापुढे 'श्वास संथ, अखंड' असं आहे. मला मनोमन समाधान होतं की हा एक गुंता सुटला. आज सहज सूनबाईला सांगितलं, बघ, आता माझा श्वास अडकत नाही. ती जरा थांबली. मग म्हणाली, "आई, तुम्ही दात आवळता. मला मागून कानापाशी दिसतं. पहिल्यापेक्षा जास्त."

मी हात लावून बघितला. जबडा दगडासारखा होता.

श्वासावर लक्ष ठेवून ठेवून मी श्वास गुळगुळीत करायला शिकले होते, आणि अडकण सरकून जबड्यात गेली होती. ३१व्या सूत्रात श्वास-प्रश्वासाच्या आधी 'अंगमेजयत्व' हा शब्द आहे. अंगाचा थरथराट, अंगाचं सांगणं. जून महिन्यात आराखड्याच्या नोंदीत मी तो लिहिला आणि मग सोडून दिला, कारण श्वासाचा धागा मला फार आवडला होता.

मग तिला जूनमधलं सगळं सांगितलं. तिच्या हाताबद्दलची शंका, दोनदा खोडलेला रकाना. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मलाही भीती वाटायची, तुम्हाला दुखेल म्हणून. मी पण श्वास धरूनच विंचरत होते."

वहीत चौथा रकाना : अंग. आणि आठवड्यातून एक नोंद दुसऱ्या कोणीतरी आपल्याबद्दल सांगितलेली, घरातल्या माणसाने. सतराही वह्या नव्याने आखायच्या.

४ सप्टेंबर

पहिला आठवडा झाला. विषय व्याधी. सतरापैकी सोळा जणी आल्या. जुलैमधल्या त्या ताई सध्या बहिणीकडे आहेत, कुपवाडला. आज तिथून रिक्षाने वेळेत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

आसनं जुन्या ताईंनी घेतली, मी फक्त शब्दांनी सांगितलं. मग अर्धा तास वह्या. आत्यांचं वाक्य पहिल्या पानावर आहे. शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, सुईत दोरा ओवताना त्या चाळीस वर्षं दम धरत आल्यात. उद्या सोडून बघणार आहेत.

शेवटचा नमस्कार मी केला. तळवे टेकले, बोटांची टोकं अजून थोडी उघडी राहतात.

घरी आल्यावर आत्यांना म्हटलं, आज एक भाकरी मी थापते. त्यांनी पाट मला दिला आणि शेजारी बसल्या. पीठ नवीन होतं, आधण लागलं नाही. उजवा तळवा पूर्ण सपाट पडत नाही, त्यामुळे एका बाजूची कड जाड राहिली आणि फाटली. आत्यांनी बोट पाण्यात बुडवून ती सांधली, काही बोलल्या नाहीत. तव्यावर मीच टाकली.

काय करत होते : भाकरी.
श्वास : थापताना चालू. टाकताना सोडला. उलटताना अडला.
अंग : डावा खांदा वर. जबडा मोकळा, आत्यांना विचारून लिहिलं.
अंतराय : रात्री.